ट्रॅकची सायकल की डांबरीची?



या पानावर आम्ही एरवी हुमणीचा बंदोबस्त, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट असले विषय लिहितो. या खेपेस सायकलवर लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला सायकलशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण विषय आपल्याच एका सभासदाच्या घरचा आहे, अर्ज आपल्याच कारखान्याकडे आला आहे, आणि गेला महिनाभर गट ऑफिसच्या बाकावर उसापेक्षा या सायकलचीच चर्चा जास्त चालली आहे. जो तो येतो आणि मत देऊन जातो. तेव्हा आम्हीही आमचे देतो.

हकीकत अशी. अडीच एकरांचे एक सभासद आहेत, गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांची मुलगी सतरा वर्षांची, बारावीत शिकते आणि सायकल शर्यतीत राज्यपातळीपर्यंत पोचली आहे. तिच्यासाठी कारखान्याच्या मदतनिधीतून एक सायकल मिळावी असा तात्यांचा अर्ज आहे. संचालक मंडळाचा सूर देण्याचाच आहे. पण अर्जात नुसते 'शर्यतीची सायकल' एवढेच लिहिलेले, आणि तिथेच गाडा अडला. शर्यतीच्या सायकली दोन जातीच्या असतात, एकीचे काम दुसरीने होत नाही, आणि पैसे एकीपुरतेच आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रस्त्याच्या शर्यतीची सायकल म्हणजे गिअरची, ब्रेकची, घाट चढायची आणि उतरायची. ट्रॅकच्या सायकलला गिअर एकच, आणि ब्रेक नाहीच! मागचे चाक फिरते आहे तोवर पेडल फिरत राहते, पाय थांबवतो म्हटले तरी थांबवता येत नाहीत. ही सायकल गोल ट्रॅकवरच चालवायची. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळचा २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आहे. आपल्याकडे पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ट्रॅक आहे. ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. २५० मीटरच्या ट्रॅकला वळणावर बेचाळीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असतो. जत्रेत ज्यांनी 'मौत का कुआँ' पाहिला आहे त्यांना तो लगेच डोळ्यांपुढे येईल. वेग कमी पडला की सायकल घसरत खाली येते.

आमच्या लहानपणी गावात ट्रॅक म्हणजे शाळेचे मैदान. सात-सात दिवस सायकलवरून न उतरणारा कलाकार गावोगाव यायचा. मधे बांबू, बांबूला कर्णा, आणि तो आपला गोल गोल फिरतोय. सायकलवरच दाढी, सायकलवरच जेवण. आम्ही शाळा बुडवून बघत बसायचो. पुढे पदविकेला असताना यात्रेतल्या शर्यतीत आम्हीही एकदा काळी सायकल हाणली होती. अकरावा नंबर आला. एकूण किती होते ते विचारू नका.

असो. आता मूळ मुद्दा. या पोरीसाठी कोणती सायकल, यावर घरातच चार मते आहेत.

तात्या म्हणतात, डांबरीची. त्यांचे गणित रोखीचे आहे. यात्रा-जत्रांतून रस्त्याच्या शर्यती होतात. पहिल्याला रोख बक्षीस आणि ढाल. एकदा मिक्सर मिळाला, तो तात्यांच्या घरी चटणीला चालू आहे. "सायेब, त्या गोल ट्रॅकवर फिरून काय भेटतंय? कागुद. हितं संध्याकाळी पैसं हातात," असे त्यांचे म्हणणे. दोन हप्त्यांच्या मधे घर चालवणाऱ्या माणसाचे हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आणि रस्त्याच्या शर्यतीला आपल्याकडे मान आहेच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ट्रॅकवर कोण जिंकले हे कुणी सांगू शकत नाही.

वहिनी म्हणतात, ट्रॅकची. त्यांचे कारण वेगळे आहे आणि त्याला आम्हीच जबाबदार आहोत. ते शेवटी लिहितो.

तालुक्याच्या गावी तिला जे सर शिकवतात तेही म्हणतात, ट्रॅक. शिवाय त्यांची अट आहे की दोन वर्षे रस्ता पूर्ण बंद. सर एक पैसा न घेता पहाटे पाचला मैदानावर उभे असतात, तेव्हा त्यांचा शब्द वजनाचा. त्यांचा हिशेब असा: राष्ट्रीय स्पर्धेत रस्त्याचे प्रकार मोजके, ट्रॅकचे पुष्कळ, म्हणजे पदकाची संधी जास्त. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सेनादल यांचे सायकलचे संघ आहेत. पण त्या दारात जायला आधी पदक लागते. आणि सर दाखलाही चांगला देतात. २०१९ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट (ओडर) येथे कुमारांच्या जागतिक स्पर्धेत भारताला सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण मिळाले. अंदमानचा ईसो अल्बेन आणि मणिपूरची मुले. त्यातल्याच रोनाल्डो सिंगने २०२२ मध्ये दिल्लीला आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्य आणले. हे सगळे ट्रॅकवर झाले. रस्त्यावर आपण अजून तिथवर पोचलेलो नाही, हे सरांचे म्हणणे खोटे नाही.

आणि पोरगी? तिला दोन्ही हवे आहे.

आम्ही तिला गट ऑफिसात बसवून नीट विचारले. "बाळ, खरं सांग, तुझा जीव कशात आहे?" आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "काका, ट्रॅकवर घड्याळ असतंय. मी आणि घड्याळ. मागल्या महिन्यात एवढा टाइम, या महिन्यात एवढा. तिथं कुणाला कारण सांगता येत नाही. पण रस्त्यावर पन्नास जणी असतात, कोण कधी सुटंल कळत नाही, डोकं चालवायला लागतंय. एक सोडलं तर दुसरीकडं मन लागंल का, ते मलाच कळंना."

मग तिने मोबाईलवर आम्हाला टोकियोची शर्यत दाखवली. ऑस्ट्रियाची अॅना किझेनहोफर. गणितातली डॉक्टरेट, स्वित्झर्लंडमध्ये विद्यापीठात संशोधन करणारी बाई. तिच्याशी कोणत्या व्यावसायिक संघाचा करार नव्हता, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी हौशीच म्हणायची. २५ जुलै २०२१ रोजी ऑलिम्पिकच्या १३७ किलोमीटरच्या शर्यतीत ती सुरुवातीलाच पुढे निघाली. मागच्या नामांकित बायांनी तिला हिशेबातच धरले नाही. ऑलिम्पिकला कानात रेडिओ नसतो. पुढची बाई अजून पुढेच आहे याचा मागच्यांना पत्ता नाही. दुसरी आलेली डच बाई आपणच जिंकलो म्हणून हात वर करीत आली, आणि ही सव्वा मिनिट आधीच पोचलेली! ते सांगताना पोरीचा चेहरा आम्ही पाहिला. हिला रस्ता दोन वर्षे बंद कर म्हणणे म्हणजे वाफ्याला दोन वर्षे पाणी तोडण्यासारखे आहे.

आता आमचे मत. आम्ही सायकलचे जाणकार नव्हे हे आधीच कबूल करतो. पण महिनाभर वाचले, विचारले, सरांशी दोनदा बसून बोललो. त्यावरून आम्हाला असे दिसते की प्रश्नच चुकीच्या जागी मांडला आहे. फरक ट्रॅक आणि रस्ता यांत जेवढा नाही तेवढा तो आखूड आणि लांब यांत आहे. ट्रॅकवर दोन जातीचे खेळाडू असतात. एक स्प्रिंटवाले: दोनशे मीटर, तीन फेऱ्या, खेळ खलास. त्यांच्या मांड्या पैलवानासारख्या, अंगाला वजन, झटक्यात जोर. दुसरे चार किलोमीटर पाठलागाच्या शर्यतीचे, पॉइंट्सच्या शर्यतीचे: यांना दम लागतो, लय लागते. स्प्रिंटवाल्याला घाटात नेले तर त्याचे वजनच त्याला मागे ओढते, आणि लांबच्या सरावाने त्याचा झटका बोथट होतो. त्याच्यापुरते सरांचे म्हणणे सोळा आणे खरे: रस्ता बंद. पण लांब पल्ल्याच्या ट्रॅकवाल्याला रस्ता हे वैर नव्हे, ते खत आहे. त्याचा दम रस्त्यावरच तयार होतो.

याला आधार द्यायला हवा म्हणून चार नावे सांगतो. इंग्लंडचा ब्रॅडली विगिन्स. २००४ आणि २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर पाठलागाची सुवर्णे. मग अंगावरचे वजन उतरवून रस्त्यावर आला आणि २०१२ मध्ये टूर द फ्रान्स जिंकली, त्याच वर्षी ऑलिम्पिकची रस्त्यावरची टाइम ट्रायलही. पुन्हा वजन चढवून ट्रॅकवर परतला आणि २०१६ ला रिओमध्ये सांघिक पाठलागाचे सुवर्ण. नेदरलँड्सची मारियाना व्होस: २००८ ला ट्रॅकवर पॉइंट्सच्या शर्यतीचे ऑलिम्पिक सुवर्ण, २०१२ ला रस्त्याचे. बेल्जियमच्या लोटे कोपेकीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला एकाच जागतिक स्पर्धेत ट्रॅकची दोन आणि रस्त्याचे एक अशी सुवर्णे घेतली. आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर. हिची गोष्ट आम्हाला फार आवडली. नोकरी करता करता मोठेपणी सायकलला लागलेली बाई. पॅरिस ऑलिम्पिकला ती निघाली ट्रॅकच्या सांघिक पाठलागासाठी. रस्त्याच्या शर्यतीतली जागा दुसऱ्या खेळाडूने सोडली म्हणून हिला मिळाली. ४ ऑगस्ट २०२४ ला तिने १५८ किलोमीटरची रस्त्याची शर्यत मारली, आणि तीनच दिवसांनी, ७ तारखेला, ट्रॅकवर संघासोबत दुसरे सुवर्ण. रस्त्याने ट्रॅकचे पाय मोडले असे काही तिथे घडले नाही.

कुणी म्हणेल, साहेब, त्या देशांत डॉक्टर, मालिश करणारे, आहार सांगणारे मागे पळत असतात. आपल्या पोरीला बालेवाडी गाठायची तर आदल्या रात्री एसटीने निघावे लागते. बरोबर आहे. आमच्या मते हीच खरी अडचण आहे. शरीर दोन्ही करायला नाही म्हणत नाही. नाही म्हणते ते कॅलेंडर आणि खिसा. ट्रॅकचे सराव शिबिर आणि रस्त्याची निवड एकाच आठवड्यात आली की काय करायचे, हे प्रत्येक वेळी बसून ठरवावेच लागेल. आणि कधी कधी ते चुकेलही.

मग ही पोरगी कोणत्या जातीची? सरांनीच वही दाखवली. दोनशे मीटरला ती साधारण आहे. पाठलागाच्या शर्यतीत मात्र शेवटच्या किलोमीटरला, जिथे बाकीच्या पडतात, तिथे तिचे फेरीचे वेळ जागचे हलत नाहीत. आम्ही सरांना म्हटले, "सर, ही तर तुमच्याच वहीप्रमाणे लांब पल्ल्याची." सर म्हणाले, "होय, पण लक्ष दोनीकडं गेलं की दोन्हीकडचं जातंय." ते एक ना धड भाराभर चिंध्या या म्हणीवर ठाम आहेत. गट ऑफिसच्या बाकावरही तीच म्हण दहा वेळा ऐकली.

आमचे उत्तर आमच्या धंद्यातले आहे. पट्टा पद्धतीत उसात हरभरा घेतोच ना आपण? लागणीच्या सुरुवातीला उसाला जागा कमी लागते, तेवढ्यात हरभरा निघतो आणि त्याचा पाला रानालाच मिळतो. ऊस की हरभरा हे ठरवायची वेळ मोठ्या बांधणीला येते, लागणीच्या दिवशी नव्हे. सतरा वर्षांच्या पोरीची मोठी बांधणी अजून झालेली नाही. अर्थात पोरगी म्हणजे ऊस नव्हे, आणि आम्ही आडसाली उसातसुद्धा वेळ चुकवणारे सभासद पाहिले आहेत, तसे पालकही असतात. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की एकोणीस-विसाव्या वर्षापर्यंत दोन्ही चालू द्यावे आणि दरवर्षी जूनला सर, तात्या आणि ती अशा तिघांनी बसून वही उघडावी.

सायकलचे म्हणाल तर आमचे स्पष्ट मत ट्रॅकच्या सायकलचे आहे. तात्यांना हे रुचणार नाही. पण हिशेब बघा. रस्त्याची सायकल तिच्याकडे आहे, सेकंडहँड का होईना, आणि तिच्यावर ती जिंकते आहे. ट्रॅकला मात्र ती दुसऱ्याची सायकल मागून घेते. ती तिच्या मापापेक्षा मोठी आहे, तिच्यामुळे गेल्या वर्षी गुडघा धरला. उसाचे बेणे उसनवार चालते, सायकलची फ्रेम चालत नाही. शिवाय त्याच प्रतीची ट्रॅकची सायकल रस्त्याच्या सायकलपेक्षा स्वस्त पडते, कारण गिअर नाही, ब्रेक नाही. तरीसुद्धा चांगलीला एक एकर खोडव्याचे बिल जवळपास जाते, हे सभासदांनी ध्यानात घ्यावे. त्यातून पैसे उरले तर घरी सरावाचे रोलर घेता येतील; त्यावर सायकल जागच्या जागी चालवता येते, ट्रॅकची सायकल बालेवाडीच्या वारीपुरती पडून राहत नाही. आणि मदत देताना 'रस्ता सोडीन' असे लिहून घेऊ नये. मदत कारखान्याची आहे म्हणून पोरीचा निर्णयही कारखान्याचा होत नाही.

आता वहिनींचे कारण. हे लिहायला आम्हाला जड जाते. गेल्या हंगामात, जानेवारीत, पहाटे साडेपाचला पोरगी सराव करीत कारखाना रोडने येत होती. धुके होते. पुढे पंक्चर झालेली उसाची डबल ट्रॉली रस्त्यावरच उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती उसाची वाढी बाहेर आलेली. तिला ती दिसली तेव्हा वीस फूट राहिले होते. ब्रेक मारून चारीत गेली. हासळीचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात, आणि त्या सालची राज्य स्पर्धा गेली. ट्रॉली आपल्याच वाहतुकीतली होती. तिच्यातल्या उसाची नोंद आमच्याच वहीत, तोडीचा कार्यक्रम आमच्याच सहीचा. दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा वहिनी आम्हाला काहीच बोलल्या नाहीत. चहा ठेवला. पुढे एकदा म्हणाल्या, "तिथं गोल फिरताना पडली तरी आपल्या चुकीनं पडंल. हितं कुणाच्या चुकीनं पडंल काय सांगावं?"

ट्रॅकवरही पोरी पडतात, सालपटे निघतात, हाडे मोडतात. वहिनींना ते ठाऊक आहे. त्यांचा मुद्दा वेगळा आहे, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून या हंगामापासून आम्ही एवढे केले आहे की आमच्या गटातल्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टरची पट्टी नसेल तर गट ऑफिसातच थांबवून लावतो. पट्ट्यांचा गठ्ठा ऑफिसात ठेवला आहे, वाहनमालकांनी मागायची वाट पाहू नये. बैलगाडीवाल्यांनीही न्यावी. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यावर सोडायची वेळ आली तर मागे पन्नास पावलांवर पाचटाचा पेंढा किंवा दगड नव्हे, दिवा किंवा त्रिकोण ठेवावा. दगड ठेवून लोक विसरतात, आणि दुसरा अपघात त्या दगडावर होतो. इतर गटांनीही हे करावे, अशी आम्ही शेती खात्याच्या बैठकीत मागणी केली आहे. अजून ठराव झालेला नाही.

तात्यांचा अर्ज येत्या मासिक सभेत आहे. सभासदांना काही सुचवायचे असेल तर त्याआधी गट ऑफिसात लेखी द्यावे; बाकावरचे बोलणे इतिवृत्तात येत नाही. सर परवा येऊन पोरीची उंची आणि मांडीपासून टाचेपर्यंतचे माप घेऊन गेले. एक प्रत आम्ही ऑफिसच्या वहीत उतरून ठेवली आहे, म्हणजे मंजुरी मिळाली की मापासाठी अडायला नको. डांबरीची माणसे अजून तात्यांच्याच बाजूने आहेत. तात्या मात्र हल्ली कमी बोलतात. परवा रविवारी ते स्वतः मोटारसायकलवर, मागे लाल दिवा लावून, पोरीच्या मागून मागून घाटापर्यंत गेले होते, असे स्लिपबॉय सांगत होता.